पान नऊ

गुरुवारच्या ट्रायलमध्ये पन्नास पार्ट पास झाले असते, तर चाकणची नवी लाइन आमच्या कंपनीला मिळाली असती आणि यशवंतराव साहेब तिचे प्रमुख झाले असते. ते प्रमुख होऊ नयेत, एवढंच मला हवं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी नौशादभाईंनी सकाळच्या मीटिंगमध्ये सांगितलं, "साहेब, स्पिंडलचा आवाज बदललाय. बेअरिंग बघावं लागेल."

"मशीन चांगलंय. वयामुळं तुझेच हात थरथरतात," साहेब म्हणाले. मग रिजेक्ट झालेला एक पार्ट नौशादभाईंच्या हातात देऊन त्यांना मीटिंग संपेपर्यंत सगळ्यांसमोर उभं केलं. सत्तावीस वर्षं फिटर असलेला माणूस मान खाली घालून उभा राहिला. मी बोलायला गेले, तर साहेब म्हणाले, "दीक्षा, तुझं फिजिक्स कॉलेजात ठेव."

त्या दिवसापासून मी रोज स्पिंडलचं, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याचं, कंपन मोजलं. २.१, २.९, ४.६, आकडा चढतच होता. आकडे रोजच्या रिपोर्टमध्ये टाकत गेले, पान नऊवर. साहेब फक्त पहिलं पान बघायचे, बाकीच्या पानांवर न वाचता सह्या करायचे. पहिल्या पानावर कामाच्या तारखा पाळल्या की चौकट हिरवी व्हायची. हा फॉरमॅट त्यांचाच.

"साहेबाला सांगितलंस?" नौशादभाईंनी कँटीनमध्ये विचारलं.

"लिहून दिलंय."

साहेब पहिल्या पानापुढं जात नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते हसले. "दापोडीची पोरगी लई डेंजर हाय राव."

ट्रायलला गिऱ्हाईक कंपनीच्या दिपाली मॅडम आल्या. बाराव्या पार्टपासून मशीननं पाडलेलं भोक गोल राहिना.

"फिटरनं सेटिंग बिघडवलंय," साहेब लगेच म्हणाले.

मॅडम सरळ नौशादभाईंजवळ गेल्या. "चाचा, तुम्हाला काय वाटतं?"

नौशादभाईंनी साहेबांकडे वळून अदबीनं विचारलं, "बोलू का, साहेब?"

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो क्षण मी चवीनं बघितला.

"बेअरिंग गेलंय. तीन आठवडे झाले."

"आणि कुणीच सांगितलं नाही?" मॅडमनी विचारलं.

मी एकेका रिपोर्टचं पान नऊ उघडून मॅडमच्या हातात दिलं. वर तारखा होत्या, खाली साहेबांच्या सह्या.

लाइन तळेगावच्या दुसऱ्या कंपनीला गेली. साहेबांची बदली स्टोअरला झाली. जाताना ते माझ्या टेबलापाशी थांबले. "एकदा तोंडानं सांगायचं होतंस."

"तुम्ही ऐकलं असतं?"



संध्याकाळी नौशादभाई म्हणाले, नव्या लाइनवर बारा जण घेणार होते, त्यात त्यांचा जावई होता. ते रागावलेले नव्हते. बारा हा आकडा मलाही माहीत होता. मी तो कुठल्याच पानावर लिहिला नव्हता.