मिलिंदच्या छापखान्यातला निळा चमत्कार

सुलतान बाजारात साड्यांच्या सेललाही होत नाही एवढी गर्दी त्या दिवशी मिलिंदच्या छापखान्यापुढे झाली होती. समोरच माझं फॉल-पिकोचं दुकान, त्यामुळे मला तिकिटाशिवाय पहिल्या रांगेत जागा. बसमधून उतरलेली माणसं पिशव्यांसकट तिथेच थांबत होती. एका ऑटोवाल्याने विचारलं, "क्या हुआ जी?" कोणीतरी म्हणालं, "कॉम्प्युटर में देवी आई बोलते." त्याने ऑटो बंद केला आणि तोही आत घुसला. मग मीही मशीन थांबवून गेले.

चमत्कार असा होता, की कॉम्प्युटर नवरीचं नाव लिहून घेत नव्हता.

बेगम बाजारात स्टीलच्या भांड्यांचा घाऊक व्यापार करणारे केशवराव मुलीची लग्नपत्रिका छापायला आले होते. बरोबर होणारे व्याही लक्ष्मणराव आणि होणारा जावई विकास. मिलिंदने पत्रिकेचा फॉर्म उघडून 'वधू' ह्या शब्दापुढच्या चौकोनात 'भाग्यलक्ष्मी' टाइप केलं. चौकोन कोराच. पुन्हा टाइप केलं, पुन्हा कोरा. लक्ष्मणरावांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातून फोन काढला आणि आपल्या तेजोनाथस्वामींना बोलावून घेतलं.

हे स्वामी म्हणे बारा वर्षं हिमालयात होते. माझ्या माहितीप्रमाणे त्यातली बरीच वर्षं ते अफझलगंजला टाइपिंग-झेरॉक्सचं दुकान चालवत होते, कारण माझी पुतणी तिथेच टाइपिंग शिकली. पण एकदा अंगावर भगवं चढलं की लोक चेहऱ्याकडे बघायचं सोडतात.

"यंत्रालाही आत्मा असतो," स्वामी खुर्चीवर मांडी घालून म्हणाले. "शून्य म्हणजे शिव आणि एक म्हणजे शक्ती. ह्या दोघांवर कॉम्प्युटर चालतो. दोघांनीही हे नाव नाकारलंय."

"महाराज," मिलिंद चाचरत म्हणाला, "परवापासून हा प्रोग्राम उघडला की आधी एक इंग्रजी निरोप येतो. काहीतरी नाही, काहीतरी नाही, असं म्हणतो. मी पुरता न वाचताच बंद करतो."

"मागतंय ते! भुकेलंय यंत्र!"

स्वामींनी कीबोर्डजवळ लिंबू ठेवलं, माऊसला विभूती फासली, चौकोन पुसून त्यात 'तेजस्विनी' टाइप केलं. तेही दिसलं नाही. मग डोळे मिटून, ओठ हलवत त्यांनी माऊस हळूच बाजूला सरकवला. पडद्यावर निळी पट्टी उमटली आणि तिच्यावर पांढरी शुभ्र अक्षरं: तेजस्विनी. लोकांनी हात जोडले.

"निळा रंग कोणाचा?" स्वामींनी विचारलं.

"कृष्णाचा!" गर्दी ओरडली.

"आता ते जुनं नाव बघा." स्वामींनी 'भाग्यलक्ष्मी' टाइप केलं आणि माऊसवरचा हात झटकन उचलून घेतला. चौकोन कोरा. "पाहिलंत?"

निकाल लागला. मुलीचं नाव तेजस्विनी करायचं, आणि तेही नुसतं घरात हाक मारायला नव्हे, कागदोपत्रीसुद्धा. तिने नोकरी सोडायची, कारण तिचा हात यंत्राला चालत नाही. आणि एक मोठी यंत्रशांती करायची, जिचं सामान योगायोगाने स्वामींच्या शिष्याच्याच दुकानात मिळत होतं.

"नाव तर आपल्यात लग्नात बदलतातच की," लक्ष्मणराव केशवरावांना म्हणाले. "पत्रिकेपासूनच बदला म्हणतो मी. नाहीतर हे लग्न नक्को आपल्याला."

केशवराव रुमालाने मान पुसत राहिले. विकास दाराशी फोनमध्ये डोकं घालून उभा होता. मला भयंकर राग आला. ह्या पोरीचे पहिलीतल्या फ्रॉकपासूनचे कपडे मी शिवलेत. शिकताना तिने केलेली मेहनत मी पाहिली आहे, आणि इथे तिचं नाव लिंबाच्या फोडीसारखं टाकून द्यायला निघाले होते. मीच तिला फोन केला.

भाग्यलक्ष्मी एका हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवते. ती शाळेतून तशीच आली, गर्दीतून वाट काढत पडद्यासमोर उभी राहिली आणि एकेक चौकोन वरून खाली बघत गेली.

"स्वामीजी, वराचं नाव कुठे आहे?"

सगळ्यांच्या माना एकदम पडद्याकडे वळल्या. 'वर' ह्या शब्दापुढचा चौकोनही कोरा होता.

"टाइप केलं होतं की!" मिलिंद म्हणाला. "वधूच्या पाठोपाठच केलं होतं, पण ह्या गडबडीत तिकडे बघितलंच नाही."

"आणि हॉलचं?"

"तेही केलं होतं."

"तेही गेलं. मग हॉलवाल्यांनाही नाव बदलायला सांगायचं का? आणि विकासने नोकरी कधी सोडायची?"

ऑटोवाला फस्सकन हसला. स्वामी गोरेमोरे झाले, पण हार मानेनात. "पुरुषाचं नाव गुप्तच असतं. पुरुषतत्त्व अदृश्य आहे, बाळ."

"विकास, इकडे ये," ती म्हणाली. "माऊस धर. मंत्र नको. डावं बटण दाबून ठेव आणि तुझ्या चौकोनावरून ओढ."

विकासने लिंबू बाजूला सारलं आणि माऊस ओढला. निळी पट्टी आली, पांढऱ्या अक्षरांत 'विकास' आलं. हॉलचं नावही तसंच आलं. मग तिने स्वतः वधूच्या चौकोनावरून माऊस ओढला. भाग्यलक्ष्मी.

"नाव नाकारलं वगैरे काही नाही," ती गर्दीकडे वळून म्हणाली. "अक्षरं पांढरी आणि मागचा चौकोनही पांढरा. पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या खडूने लिहिलं तर दिसेल का? माऊस ओढून मजकूर निवडला की मागचा भाग निळा होतो, म्हणून अक्षरं दिसतात. दुसरीकडे क्लिक केलं की पुन्हा जातात. स्वामीजींनी एका नावावरून माऊस ओढला, दुसऱ्यावरून ओढला नाही. मिलिंददादा, रंग कधी बदललेत?"

"परवाच. पांढऱ्या पडद्याने डोळे चुरचुरतात, म्हणून सगळं काळं केलं. विंडोजऐवजी हे लिनक्स माझ्या भाच्याने बसवून दिलंय, फुकटचं. रंग बदलल्यानंतरची ही पहिलीच पत्रिका."

तिने प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. तोच इंग्रजी निरोप आला. तिने तो मोठ्याने मराठीत वाचून दाखवला: "काळ्या थीमसाठी लागणारा एक भाग सापडला नाही. तो बसवा."

"तुम्ही काळी थीम, म्हणजे पडद्याची काळी रंगसंगती, लावली," तिने समजावलं. "बाकीच्या प्रोग्रामांनी ती नीट उचलली. ह्या जुन्या प्रोग्रामने अक्षरं पांढरी केली, पण चौकोन काळे करणारा भागच इथे बसवलेला नव्हता. म्हणून ते पांढरेच राहिले."

"एवढंच मागत होता?" मिलिंदने विचारलं.

"एवढंच. नेटवर फुकट मिळतो."

तिने प्रिंटरकडे हात नेला तसे स्वामी खुर्चीतून उठले. "छापू नका! अनर्थ होईल!"

तिने बटण दाबलं. प्रिंटर कुरकुरला आणि कागद बाहेर आला. काळ्या शाईत भाग्यलक्ष्मी, काळ्या शाईत विकास, खाली हॉलचं नाव. रंगांचा घोळ फक्त पडद्यावरचा होता, छपाईशी त्याचा संबंधच नव्हता; तो कागद सकाळीच कोणीही काढू शकला असता.

"स्वामीजी," ऑटोवाला म्हणाला, "आप भी माऊस ऐसाच खींचे थे ना?"

स्वामींना एकाएकी दुसऱ्या यज्ञाची आठवण झाली आणि ते दाराकडे निघाले. "झेरॉक्सचं दुकान पुन्हा सुरू करा हो!" मी मागून ओरडले, पण ते वळले नाहीत. लिंबू राहिलं. त्याचं मी सरबत केलं.

गर्दी पांगली, तरी खरा प्रश्न तसाच होता. भाग्यलक्ष्मीने तो कागद विकासपुढे धरला. "लग्न करायचं तर ह्या नावाशी. नको असेल तर आत्ताच सांग. मी रडणार नाही."

विकासने कागद हातात घेतला. "माझाही चौकोन कोरा आहे, हे मला दिसलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "मी बोललो नाही. मला लाज वाटते." मग तो वडिलांकडे वळला. "बाबा, हीच पत्रिका छापायची."

लक्ष्मणरावांनी माऊसवरची विभूती रुमालाने पुसली. "हौ, छापा," ते शेवटी म्हणाले.

भाग्यलक्ष्मीने तो राहिलेला भाग तिथल्या तिथे बसवला. चौकोन काळे झाले, अक्षरं उठून दिसू लागली. मिलिंदने चहा मागवला.

लग्नात तांदळाचं ताट आलं. नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायची ती वेळ. विकासच्या आत्या त्याच्या कानाशी लागून "तेजस्विनी, तेजस्विनी" करत होत्या. त्याने 'भाग्यलक्ष्मी' लिहिलं. ताट लहान पडलं, शेवटचं अक्षर काठाशी कोंबावं लागलं, चार दाणे खाली सांडले. मी डोळे पुसले, उगाच खोटं कशाला सांगू?

तुमच्याही घरी एखाद दिवशी काहीतरी दिसेनासं होईल आणि कोणीतरी लिंबू घेऊन येईल. त्याआधी समोर लिहिलेला निरोप वाचा, समजला नाही तर समजणाऱ्याला विचारा. आणखी काय काय दिसत नाही तेही बघा. सगळ्यांचीच नावं गेली असताना कोणी एकट्या मुलीकडे बोट दाखवत असेल, तर त्याचा दुसरा हात माऊसवर काय करतोय, तिकडे नजर ठेवा.