तीन पेले, एक वेगळा

भाचीने लाकडी झडप वर सरकवली आणि तीन पेल्यांचा ट्रे पलीकडे ढकलला. रंगावरून कुणी ओळखू नये म्हणून पलीकडे लाल दिवा होता, आणि त्या उजेडात मामाचे दोन हात. झडप इतकी बुटकी, की चेहरा दिसत नसे. आज ते बरंच होतं.

"पहिली फेरी," ती म्हणाली. "दोन सारखे, एक वेगळा. सावकाश चालू द्या तुमचं."

घरी ती मामाला अरेतुरे करायची. इथे शेजारी साहेब कागद घेऊन उभे होते, म्हणून तुम्ही.

बिअरच्या त्या कारखान्यात चाखणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा अशी परीक्षा होई. तीन फेऱ्यांपैकी दोन जमल्या तर खुर्ची राहिली, नाहीतर चाखणीच्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. चौतीस वर्षांत मामाची एकही फेरी चुकली नव्हती, आणि त्याचा तोराही तसाच होता. त्याच्यासमोर 'छान' हा शब्द काढायची कुणाची टाप नव्हती. "छान काय? फोटो काढायला बसलोय का आपण?" असं तो सगळ्यांदेखत विचारी.

आज परीक्षेला त्याची लाडकी होती. स्कॉटिश पद्धतीची कडक एल बिअर, जवळजवळ काळी, भाजलेल्या बार्लीच्या माल्टने जड झालेली. एक नमुना यंदाच्या पिंपातला, एक गेल्या वर्षीच्या. भाचीला हे काम मामानेच शिकवलं होतं, तेही याच एलवर. "घाई करू नकोस," तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. "ही गार असली की मुकी असते. तळव्यात धर, ऊब दे, मग बोलेल." आणि खरंच ती बोलली होती. आधी पावाची करपलेली कड, मग मनुका, मग जळकी साखर. बऱ्याच वेळाने ओलं लाकूड आणि कुठेतरी लांबचा धूर. त्या दिवशी भाचीला वाटलं होतं, की आपल्याला आजवर नाकच नव्हतं.

हिवाळ्यात मामाला ताप आला. ताप गेला आणि जाताना त्याचा वास घेऊन गेला. त्याने कुणाला कळू दिलं नाही. भाचीला कळलं ते महिन्यापूर्वी. ती त्याच्या घरी गेली, तर दूध करपल्याचा वास जिन्यापर्यंत आला होता आणि मामा स्वयंपाकघराच्या दाराशी पेपर वाचत बसला होता. मामी गेल्यापासून घरात तो एकटाच.

"मामा, दूध ठेवलं होतंस?"

"हो की," तो उठत म्हणाला. "तरीच म्हटलं, वास कसला येतोय."

तिने पातेलं घासून ठेवलं. विचारलं काहीच नाही, आणि तेव्हापासून ते न विचारणं तिला खात होतं.

"उजवीकडचा," पलीकडून मामाचा आवाज आला.

वेगळा पेला डावीकडचा होता. साहेबांनी भुवया उंचावल्या आणि फुली मारली.

दुसऱ्या फेरीत तो "मधला" म्हणाला, आणि ते बरोबर निघालं. साहेबांचा चेहरा खुलला. भाचीचा नाही. मामाचे हात पेल्यांवर नीट फिरलेसुद्धा नव्हते. त्याने चक्क अंदाजाने ठोकलं होतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले.

तिसरा ट्रे तयार होता. भाची त्याच्याकडे बघत राहिली. गेल्याच आठवड्यात मामा तिला म्हणाला होता, "या खुर्चीतून उठलो ना, की मी नुसता एक म्हातारा. तसले रस्त्यावर ढीगभर आहेत." नमुन्यांसाठीची बर्फाची बादली पायाशीच होती. तिने वेगळा पेला उचलला आणि काठापर्यंत बर्फात रोवला. आठ वर्षांत तिने एक थेंब इकडचा तिकडे केला नव्हता. तरी आज तिने पेला बाहेर काढला नाही. साहेबांची पावलं ऐकू आली तेव्हा कुठे तो पुसून तिने डावीकडे ठेवला आणि ट्रे ढकलला.

"शेवटची फेरी," ती म्हणाली.

मामाने उजवा पेला तळव्यात धरला, घोट घेतला, खाली ठेवला. मधलाही तसाच. मग डावा उचलला आणि त्याचे हात थांबले. काचेवर दव आलं होतं. अंगठा त्यावरून एकदा फिरला.

कळलं त्याला. आता फक्त बोट दाखवायचं होतं. दाखव ना, ती मनात म्हणाली, दाखव आणि मोकळा हो.

मामाने खिशातून रुमाल काढला. पेला बाहेरून कोरडा केला, मग दोन्ही तळव्यांत घट्ट धरला आणि तसाच बसून राहिला. एक मिनिट गेलं. आणखी दोन गेली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "आज फारच वेळ लावताहेत."

"ही एल अशीच आहे, साहेब," भाची म्हणाली. "ऊब द्यावी लागते."

बऱ्याच वेळाने मामाने त्यातला घोट घेतला आणि पेला जागेवर ठेवला.

"उजवीकडचा," तो म्हणाला.

साहेबांनी दुसरी फुली मारली. मग नियमाप्रमाणे ट्रे अलीकडे ओढून, एखादा पेला जास्त गार किंवा गरम तर नाही ना, हे पाहायला तिन्ही पेल्यांना एकेक करून हात लावला. "सगळे सारखेच आहेत," म्हणत त्यांनी सही केली. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण मामाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते म्हणाले, "तेवढं चवीचं शेवटचं टिपण तुम्हीच लिहून घ्या." आणि दार हळूच लोटून गेले.

भाचीने पेन उघडलं. आता मनुका येणार, जळकी साखर येणार. ती यादी मामाला झोपेतून उठवलं तरी म्हणता आली असती.

"लिही," तो म्हणाला. "गोड आहे."

तिने लिहिलं.

"मग कडू लागते. गिळली की छातीत गरम वाटतं." तो थांबला. "झालं."

"आणि वास?" कागदावर तो रकाना होता, म्हणून तिला विचारावं लागलं.

पलीकडचे हात टेबलावर पालथे पडले होते.

"वास येत नाही गं मला. तुला माहीतच आहे, पण कागदावर येऊ दे."

तिने तसंच लिहिलं. अक्षरं तिला नीट दिसत नव्हती. मग पेन ठेवून तिने झडपेतून हात आत घातले आणि त्याचे हात धरले. मामाने ते सोडवून घेतले नाहीत. त्याचे तळवे अजून बर्फासारखे गार होते.