पाइपची पाठ

"घरात सर म्हणते ती मला, अलका. घरात!"

हे माझ्या कानाशी येऊन पुटपुटले तेव्हा मी पोह्यांना फोडणी घालत होते. मोहरी तडतडत होती म्हणून बरं, नाहीतर बाहेर टेबलाशी बसलेल्या सुनेला नक्की ऐकू गेलं असतं.

"मग तुम्ही तिला मॅडम म्हणा," मी म्हटलं.

"चेष्टा नको. आपला नियम आहे ना?"

नियम होता. नमिता लग्न करून इथं आखातात, अल सद्दच्या आमच्या फ्लॅटमध्ये आली आणि वर्षभरानं ह्यांच्याच कंपनीत क्वालिटी इंजिनिअर म्हणून लागली, तेव्हा ह्यांनीच तो घातला होता. साइटवर सर, घरी बाबा. बूट काढताना 'सर'ही रॅकवर काढून ठेवायचा. माझा मुलगा अनय समुद्रात गॅसच्या प्लॅटफॉर्मवर ड्यूटीला असतो, त्यामुळे बहुतेक वेळ घरात हे दोघं पाइपवाले आणि मी. नियम नसता तर मला जेवताना सांडपाण्याशिवाय दुसरा विषय मिळाला नसता.

आणि आता दोन दिवस झाले, नमिता आमटी वाढतानाही "सर, अजून?" असं विचारत होती. का, ते तिला माहीत होतं, ह्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं.

सांगते. मुऐदरला ह्यांच्या सांडपाण्याच्या लाइनचं काम चालू आहे. ही लाइन नुसत्या उतारावर वाहते, तिला मागून ढकलणारं कोणी नसतं. उतार चुकला की खलास. इतकी वर्षं हे तेवढा एक उतार सांभाळत आलेत. नाशिकहून पाहुणे आले की लोक त्यांना समुद्रकाठचे टॉवर दाखवतात. हे रस्त्यातली मॅनहोलची झाकणं दाखवतात. "इथून आपली लाइन जाते." पाहुणे बिचारे वाकून बघतात. मी दर वेळी कपाळाला हात लावते आणि दर वेळी आतून फुलून येते, ते मात्र ह्यांना कधी सांगितलेलं नाही. उगाच डोक्यात हवा जायची.

ईदच्या दिवशी आम्ही डबा घेऊन समैस्माच्या किनाऱ्यावर निघालो होतो. मुऐदर त्या वाटेवर नाही, पण ह्यांची कुठलीही वाट साइटवरून गेल्याशिवाय पुढे जात नाही. चरात नवा पाइप ठेवलेला होता, अजून पुरता बुजवलेला नव्हता. तिथं जमिनीत पाणी वरच लागतं, म्हणून ते उपसायला डिझेलचा पंप दिवसरात्र धडधडत होता. समोरच्या व्हिलातले आजोबा बाहेर आले. छातीवर हात ठेवून, मोडक्या हिंदीत म्हणाले, आज मुलं-नातवंडं सगळी येणार, मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. थोडा वेळ बंद ठेवता येईल का?

ह्यांनी एकदा चराकडे बघितलं, एकदा आजोबांकडे. मग फोरमन हमजाला सांगितलं, "बंद करो. शाम को लगाना."

आजोबांनी खजुरांचा डबा दिला. गाडीत बसताना मला वाटलं, केवढ्या मनाचा आहे माझा माणूस. पंप तो काय, दुपारभर बंद राहिला तर कुठे बिघडतं?

बिघडतं. रिकामं पातेलं भरल्या बादलीत दाबून धरा आणि हात काढा, म्हणजे कळेल. फायबरचा पाइप, वजनाला हलका. पंप थांबला, पाणी चढलं, पाइप वर उचलला गेला. संध्याकाळी पंप लावल्यावर पाणी उतरलं, पण तोवर पाइपखाली वाळू शिरली होती, तो पुरता खाली बसला नाही. सुट्टीनंतर घाई होती. पाइपची लेव्हल, म्हणजे उंची, ईदच्या आधी मोजलेलीच धरली आणि चर बुजवला. मग आत कॅमेरा सोडला, तर एका जागी पाणी तुंबलेलं.

ऑफिसात कोणी म्हणालं जमीन बसली असेल, कोणी म्हणालं टेस्टिंगचं पाणी राहिलं असेल. कन्सल्टंटला ते पटेना, तेव्हा प्लॅनिंगच्या वरुणनं रिपोर्ट तयार केला, सर्व्हेची चूक. म्हणजे कुशलची. कुशल हा आमचा नेपाळी सर्व्हेअर, त्याचं कॉन्ट्रॅक्ट ह्याच महिन्यात संपतंय. अशा रिपोर्टात नाव आलं की नवं मिळत नाही, सरळ घरी. आणि रिपोर्टवर सही लागते क्वालिटीची. म्हणजे नमिताची.

खजुरांचा डबा अजून आमच्या फ्रिजवर आहे. कॅमेऱ्याचं कळल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नाही.

पोहे टेबलावर ठेवले तेव्हा नमिताचा फोन वाजला. वरुण. त्याचा आवाज असा की स्पीकर लावायची गरज पडत नाही. "साइन कर दे यार. संडे को मीटिंग है, सर का भी प्रोजेक्ट क्लोज हो जाएगा."

"साइट देखके बताती हूँ," म्हणून तिनं फोन ठेवला.

"शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कसली साइट?" हे म्हणाले. "घरात ऑफिसचं नको."

"म्हणूनच तर चाललेय, सर."

"परत सर!"

"कुशल थांबलाय तिथे. काल त्याच्याकडून पाइपवर एक खड्डा खणून घेतलाय. आज लेव्हल बघणार."

ह्यांचा चमचा वाटीत थांबला. खड्डा कुठे खणलाय, असं त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. पोहे अर्धे टाकून उठले आणि किल्ल्या उचलल्या. "यल्ला, चला, मी पण येतो."

मी थर्मास भरला. मला कोणी ये म्हटलं नव्हतं, पण नको तरी कुठे म्हटलं होतं?

गाडी हेच चालवत होते. सिग्नलला हे सवयीनं म्हणाले, "इथून आपली..." आणि वाक्य तिथंच सोडलं.

कुशल टोपीखाली घामानं निथळत लेव्हलच्या यंत्राला डोळा लावून उभा होता. हमजा खड्ड्यात उतरून पाइपच्या पाठीवर मापाची पट्टी धरून होता. ह्यांना बघताच कुशल सरळ झाला. "सर, मेरा बेंचमार्क तो ठीक आ रहा है. बार बार देखा. फिर भी मेरा ही कुछ गलती होगा, सर."

मला त्या पोराला थर्मासमधला सगळा चहा पाजावासा वाटला.

नमितानं स्वतः यंत्रात बघितलं. हमजाला पट्टी बाजूला घ्यायला लावली, पुन्हा धरायला लावली, पुन्हा बघितलं. मग पलीकडच्या मॅनहोलपाशी गेली, अलीकडच्याही. कुठे घाई नाही, कुठे नाटक नाही. तिच्याएवढी असताना मी सासऱ्यांसमोर भाजीत मीठ जास्त झालंय हेही म्हटलेलं नव्हतं.

"दोन्ही मॅनहोलला लेव्हल बरोबर आहे," ती म्हणाली. "फक्त मध्येच पाइप चार बोटं वर आहे. सर्व्हे चुकला असता तर टोकंही चुकली असती."

"हं," हे म्हणाले.

"मध्ये म्हणजे इथे. पंप होता तिथे."

हमजा एकदम पट्टी पुसायला लागला. कुशल टोपी नीट करत राहिला. मी कपांत चहा ओतत होते, आणि एक कप भरून वर आला तरी ओततच होते. समोर आजोबांच्या व्हिलाचं हिरवं गेट बंद होतं. एक पाण्याचा टँकर गल्लीतून गेला, तर सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं जणू राजाची मिरवणूक चाललीय.

नमितानं बॅगेतून रिपोर्ट काढला. वरुणनं लिहिलेल्या कारणावर तिनं आधीच आडवी रेघ मारली होती. खालची जागा कोरी.

"ह्याच्यावर कुशलचं नाव मी लिहिणार नाही," ती ह्यांना म्हणाली. मान खाली गेली नाही. "सही माझी आहे. कारण तुम्ही सांगाल ते लिहीन. तुम्हीच सांगा." आणि मग फार हळू, "बाबा."

हाताखालच्या पोरीनं चुकीवर बोट ठेवून दाखवलं असतं, तर हे चिडले असते. ह्यांच्या मागे लिहून टाकलं असतं, तर मोडले असते. तिनं ह्यांच्यासाठी जागा ठेवली होती. मला वाटलं, ही अक्कल हिला कुठल्या कॉलेजनं दिली? आणि लगेच कळलं, एवढी वर्षं ही 'सर' म्हणत शिकली ती कोणाकडून!

हे खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. हात आत घालून पाइपच्या उघड्या पाठीवर तळवा ठेवला, तापलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. मी पुढे झाले नाही. ते उठणं त्यांचं त्यांनीच उठायचं होतं.

"कुशल, इधर आओ," हे म्हणाले. "हमजा, तुम भी सुनो." मग नमिताकडे वळले आणि शर्टाच्या खिशातलं स्वतःचं पेन काढून तिच्यापुढे धरलं.

"लिहा, मॅडम. ईद के दिन पंप मैंने बंद करवाया था. पाइप उसी से उठा है. खोदके फिरसे बिठाना पड़ेगा."