तानुबाईची आण

नूरुद्दीनचाचाचा रेडिओ म्हणजे आमच्या मळ्यातलं सोवळं होतं. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. सकाळच्या बातम्या झाल्या की चाचा मागचं झाकण उघडायचा, सेल काढायचा आणि मोटारघराच्या पत्र्यावर उन्हात टाकायचा. उन्हानं सेलांत पुन्हा जीव येतो, हे त्याच्या श्रीवर्धनलाही मानत आणि आमच्या सांगोल्याकडंही. दुबईकडच्या वाळवंटातल्या अल धैदच्या त्या पत्र्यावर तर भाकरी भाजली असती. पण दिवसभर तापलेले सेल घातले की संध्याकाळी रेडिओ बोलायचा खरा, आणि दिवस मावळला की दिवसा न लागणारी मुंबई समुद्रावरून ऐकू यायची.

त्या सकाळी याच सेलांवरून भांडण झालं. उल्हासनं चाचाचं मनगट घट्ट धरलं होतं.

"चाचा, सेल काढू नका. पाया पडतो तुमच्या."

"सोड आधी. मी काय तुझा दुश्मन आहे?"

१९९३चं साल, सप्टेंबर संपत आलेला. आदल्या दिवशी आम्ही वाफ्यातल्या मातीचा वीतभर गणपती हौदात बुडवला होता, अरबाबला दिसू नये म्हणून गुपचूप. अरबाब म्हणजे मळ्याचा मालक. तसा बरा माणूस, पण त्याच्या हौदात देव विरघळतोय हे सांगायची सोय नव्हती. सकाळी लसूणघास कापून आम्ही चहाला बसलो, तेव्हा उर्दू बातम्या लागल्या होत्या. महाराष्ट्रात पहाटे जलजला, म्हणजे भूकंप, आला, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत गावंच्या गावं बसली, एवढं तो निवेदक बोलला आणि त्याचा आवाज घरघरत बारीक होत गेला. सेल संपत आले होते.

उल्हास उस्मानाबादकडचा, हिवरतळ नावाच्या गावाचा. घरी बायको तानुबाई, दोन पोरं आणि म्हातारी आई.

"पुन्हा सांगत्याल की," तो म्हणाला. "गावाचं नाव सांगत्याल. चालू ठेवा."

"उर्दूवाला तुझ्या हिवरतळचं नाव घेणार आहे होय?" चाचा म्हणाला. "त्याला हिवरतळ कुठं ते तरी ठाऊक आहे? नाव घेईल ते आपलं मुंबईवालं. ते लागतं मगरिबला, दिवस मावळला की. आता ऐकत बसलास तर मगरिबला काय ऐकशील, डब्बा? सेल उन्हात जाऊ देत, बाबा. माझं ऐक."

म्हाताऱ्याचं बरोबर होतं. पण बरोबर बोलणाऱ्याचा राग येतो तसा मलाही त्या वेळी त्याचा राग आला. उल्हासनं हात सोडला. चाचानं सेल पत्र्यावर नीट ओळीनं मांडले, आणि आमचा दिवस सुरू झाला.

तसा दिवस वैऱ्यावर येऊ नये. टोमॅटोची रोपं नुकतीच लावली होती. वाफे बांधायचे होते. वरून ऊन असं की फावड्याचा दांडा हातात धरवत नव्हता, आणि खालची वाळू पाणी घशाखाली उतरावं तशी गटकन पिऊन टाकायची. उल्हास दोन फावडी मारायचा आणि मोटारघराकडं बघायचा. मध्येच जाऊन सेल उलटे करून यायचा, पापड उलटावेत तसे.

"घर कसलं आहे तुझं?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण गप्प बसणं आणखी अवघड झालं होतं.

"माळवद," तो म्हणाला.

माळवद म्हणजे दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर पुन्हा मातीचा थर. उन्हाळ्यात गार आणि गावात मान. उल्हास इथं आला होता तोच त्या घरासाठी.

"तानू म्हणत हुती पत्र्याचं बांधू," तो आपणहून बोलायला लागला. "मागल्या साली जमीन गुरगुरायची आमच्याकडं. भांडी वाजायची. म्या सुट्टीला गेलो तर ही पोरं घिऊन रातीची शेतातल्या खोपीत झोपायला जाती. गाव हसायचं. उल्हास्यानं दुबईच्या पैशाचं माळवद बांधलं आन् बायकू खोपीत. मला लई लागलं ते."

"मग?"

"मग यायच्या दिवशी तिला देवापुढं उभी केली. म्हणलं, म्या परत यीस्तवर ह्या घराभाईर झोपायचं न्हाई. तुला भवानीची आण हाय."

त्यानं फावडं टाकलं आणि बांधावरच बसला.

"तानू आण मोडायची न्हाई," तो म्हणाला. "नुसतं सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. पर म्या आण घातली. म्याच तिला दगडाखाली कोंडलं."

आपल्याकडं आण घालतो त्यानंच ती सोडवायची असते. 'सुटली' असं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय ती उतरत नाही. हे मला माहीत होतं, त्यालाही. एवढा समुद्र मध्ये असताना सोडवायची कशी, एवढंच दोघांना माहीत नव्हतं.

दुपारी हमदुल्ला आला. हा पठाण आमचा माल त्याच्या पिकअपमधून बाजारात न्यायचा. गाडीत रेडिओच्या जागी नुसतं भोक होतं, पण वाटेतल्या चहावाल्याकडं त्यानं बातम्या ऐकल्या होत्या.

"बहुत बुरा हुआ, भाई," तो म्हणाला. "बोलते हैं हजारों लोग दब गया. पूरा पूरा गाँव खलास. रात को सोया, सुबह उठा ही नहीं."

चाचा त्याच्यावर डोळे वटारत होता, पण पठाण मान खाली घालून घासाच्या पेंढ्या चढवत होता. उल्हासनं त्याला फक्त गावांची नावं विचारली. ती त्याला माहीत नव्हती. सेल आणायला सांगितले, तर म्हणाला, "कल सुबह, इन्शाल्ला," आणि निघून गेला. उद्या सकाळ म्हणजे त्या दिवशी आम्हाला पुढच्या जन्मासारखी वाटली.

गणपती बुडवून, नाचून, दमूनभागून गाव झोपलं असणार. कुणाला जाग आली असेल? हे आमच्या दोघांच्याही मनात होतं.

उन्हं उतरायला लागली आणि दुसरीच पंचाईत उभी राहिली. रोपांना पाणी द्यायची वेळ हीच, आणि मोटार चालू असली की रेडिओत नुसती घूंघूं. मुंबई लागली तरी ऐकू येणार नाही. रोपं दिवसभर तापून माना टाकून पडली होती. आज पाणी नाही मिळालं तर उद्या उपटून फेकायची.

चाचानं पत्र्यावरून सेल उतरवले, सदऱ्याला पुसले, घातले. मग मोटारघरात गेला आणि स्वतःच्या हातानं मोटार बंद केली. पाणी पाटात जिथल्या तिथं थांबलं.

रेडिओ खरखरला. चाचा काटा केसभर पुढं, केसभर मागं करत होता. एकदा अरबी गाणं आलं, एकदा इराणी बोलणं. मग लांबून मराठी आली. आपली भाषा ऐकून एरवी जीव सुखावायचा. त्या दिवशी ती ऐकायची भीती वाटली.

इतक्यात अरबाबची गाडी बांधावर येऊन थांबली. पाट कोरडा बघून तो तरातरा आला.

"मोटर क्यूं बंद? पानी किदर? सब मरेगा!"

चाचानं त्याच्याकडं न बघता नुसता हात वर केला. वीस वर्षांच्या चाकरीत म्हाताऱ्यानं मालकाला असा हात केला नसेल. मग उल्हासकडं बोट दाखवून म्हणाला, "अरबाब, इसका घर." आणि तळवा जमिनीवर आपटून दाखवला.

अरबाब उल्हासच्या तोंडाकडं बघत राहिला. मग खाली वाळूत बसला.

निवेदिका गावांची नावं वाचत होती. आवाज लाटेसारखा वर यायचा आणि बुडायचा. आम्ही चौघं डोकी एकमेकांना लावून वाकलो होतो. एक नाव, दुसरं नाव, मध्ये खरखर. आणि मग स्वच्छ ऐकू आलं, "हिवरतळ". पुढचं वाक्य "एकही घर" इथपर्यंत आलं आणि सेल संपले.

उल्हासनं चाचाच्या हातातून रेडिओ ओढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्या रेडिओला दुसऱ्याचा हात लागला, आणि चाचानं लागू दिला. उल्हासनं जाळी तोंडाशी धरली.

"सुटली गं तानू," तो म्हणाला. "आण सुटली. भाईर ये. पोरं घिऊन भाईर ये. सुटली म्हणतोय न्हवं, ऐक की."

तो म्हणतच राहिला. मला त्याला सांगवेना की रेडिओ ऐकत नसतो, आणि ऐकत असता तरी आता उशीर झाला होता. शेवटी अरबाबनं त्याच्या हातून तो डबा हळूच काढून घेतला. अंधार पडेपर्यंत मोटार कुणी चालू केली नाही.

नंतरचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. हमदुल्लानं नवे सेल आणले, दिवसरात्र रेडिओ चालला, पण हिवरतळचं नाव कुणी परत घेतलं नाही. उल्हास जेवत नव्हता. सामानाची पिशवी बांधून बसला होता. अरबाब त्याचा पासपोर्ट आणि तिकीट घेऊन येणार होता, त्याच दिवशी त्याचा माणूस आम्हाला बोलवायला आला. अरबाबच्या घरी सोलापूरहून फोन लागला होता. तिथं तानुबाईचा भाऊ राहायचा, आणि नंबर त्याच्याकडं होता.

उल्हासला फोन धरवेना, म्हणून मीच तो त्याच्या कानाशी धरला. त्यामुळं मलाही ऐकू येत होतं.

"अवो, म्या बोलते. पोरं हायेत. दोगंबी हायेत."

"तू... घरात न्हवतीस?"

"खोपीत हुतो."

"आन् आई?"

"आत्याबाईच म्हणल्या, आज जमीन लई गुरगुरती, तू पोरं घिऊन शेतात जा. म्या म्हणलं, यांनी आण घातलीय. तर म्हणल्या, घर रिकामं ऱ्हाऊ नये म्हणूनच घातलीय न्हवं, मग म्या झोपते घरात. पोराचा शब्द म्या राखते. तू जा."

उल्हास भिंतीला टेकला.

"ऐकताव का?" ती पुढं म्हणाली. "हितं भावाच्या अंगणात आलोय. भ्यानं समदी भाईरच झोपत्यात. मला डोळाच लागंना. घर ऱ्हायलं न्हाई, पर आण तशीच हाय अंगावर. ती मोडली म्हणून आत्याबाई गेल्या, असं वाटतंय. तुम्ही सुटली म्हणा की. तेवढ्यासाठी फोन लावायला सांगितला."

त्या संध्याकाळी रेडिओच्या जाळीत किती वेळा म्हणाला होता. आता ऐकणारी होती.

"सुटली," तो कसाबसा म्हणाला.

"मोठ्यानं म्हणा. ऐकू येईना."

"सुटली, तानू. तुझ्यावरची आण सुटली."

ती तिकडं रडायला लागली आणि फोन तुटला.

अरबाबच्या घरातून निघून उल्हास मळ्यात आला तो थेट टोमॅटोच्या वाफ्यांत शिरला. अर्धी रोपं त्या दिवशीच जळाली होती, उरलेली तग धरून होती. त्यानं फावडं घेतलं आणि पाणी वळवायला लागला. वळवता वळवता तो खाली बघून काहीतरी बोलत होता. आईशीच बोलत असावा. मी जवळच उभा होतो, पण मोटार चालू होती.