कोऱ्या लंगोटाची बढाई

आत्याबाईंची चौकशी अशी, की त्या दारात उभ्या राहिल्या तर कुलूपसुद्धा "विचारा काय ते" म्हणत आपणहून उघडायचं. भावाला मुलगा झाला तशा त्या दवाखान्यात बाळंतिणीच्या खोलीत मुक्कामालाच आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भाच्याची कीर्ती वॉर्डभर झाली.

"लघवी तेवढी करतो. बाकी लंगोट कोरा करकरीत! टापटीप आमच्या रक्तातच."

"ताई, तुमच्या भावाचं कपाट मी रोज बघते," बाळाची आई पडल्या पडल्या म्हणाली.

इतक्यात बाळ ओकलं. आईने तोंड टिपलं नि फडकं उजेडात धरलं. "अहो, दूध कधी हिरवं असतं का?"

आत्याबाईंनी फडकं हुंगलं, उलटसुलट केलं. नर्सने मात्र नुसतं पाहिलं आणि धावत जाऊन लहान मुलांच्या सर्जनबाईंना आणलं. त्यांनी बाळाचं पोट चाचपलं. ढोलकीसारखं ताणलेलं.

"शी कधी झाली?"

"एकदाही नाही!" आत्याबाई ऐटीत म्हणाल्या.

"अहो, सकाळी मी विचारलं तर 'सगळं स्वच्छ' म्हणालात!" नर्स म्हणाली.

"स्वच्छच होतं की..." आणि आत्याबाईंची ऐट तिथल्या तिथे विरघळली.

"पहिल्या दिवसातच डांबरासारखी काळी शी व्हायला हवी," सर्जनबाई म्हणाल्या. "हिरवी उलटी म्हणजे पित्त. आतडं अडलंय."

बाळाचं दूध बंद झालं. नाकातून नळी, हाताला सलाईन. एक्स-रेत फुगलेल्या आतड्यांची नुसती दाटी.

"खालीच कुठेतरी अडलेलं दिसतंय. खालून औषध सोडून बघते. आतडं जन्मतःच तुटलेलं निघालं, तर आजच पोट उघडायचं."

आईने चादर मुठीत धरली. "ताई, तुम्ही जा त्याच्याबरोबर."

काचेआडून आत्याबाई एक्स-रेच्या पडद्याकडे बघत राहिल्या. कोरड्या ओढ्यात पाणी वाट शोधत जावं तसं पांढरं औषध बाळाच्या पोटात वळणं घेत चढलं, आणि थबकलं. तेवढ्यात भिंतीवरचं घड्याळही थांबलं होतं, असं आत्याबाई पुढे शपथेवर सांगत. घड्याळाला कोण विचारायला जातंय!

मग औषध कडेकडेने सरकलं. मधोमध लांबलचक काळी सावली.

"ती दोरी कसली हो?" आत्याबाईंनी काचेतून ओरडून सर्जनबाईंना विचारलं.

"बूच आहे. शीच घट्ट होऊन बसलीये."

"मग ओढा ना बाहेर!"

"औषधच काढेल. ते आतड्यात पाणी ओढून घेतं, बूच सैल होतं."

आत्याबाई आणखी काही विचारणार, तोच बुचाने स्वतःच उत्तर दिलं. सर्जनबाईंची बाही कोपरापर्यंत काळी! मागोमाग जे आलं त्याला चादर पुरेना.

"वा रे वाघा!" आत्याबाईंनी काचेवर थाप मारली.

सर्जनबाई हसत बाहेर आल्या. "पुढचं आतडं अखंड आहे. ऑपरेशन थिएटरवाल्यांना म्हणावं, आज सुट्टी."

"म्हणजे सुटलो?"

"आजच्यापुरते. बूच कशामुळे बसलं, ते शोधायला हवं. कधीकधी आतड्याच्या शेवटी मज्जातंतूच नसतात, मग ते शी पुढे ढकलत नाही. तिथला चिमूटभर तुकडा काढून तपासू."

"आणि नसलेच तर?"

"त्यावरही ऑपरेशन आहे. पण आधीच घाबरायचं नाही."

आत गुंडाळलेलं बाळ भुकेने टाहो फोडत होतं. आत्याबाईंनी बाक ओढून पुढ्यात घेतला.

"बसा, बाई. नसलेली वस्तू तुम्हाला दिसते तरी कशी, तेवढं सांगा. त्याच्या आईला नीट समजावून सांगायचंय मला."