शेहेचाळिसाव्या वर्षी लिहिलेलं उत्तर

ताईने जन्मभर शिंप्याच्या दुकानात काज-बटणं केली. स्वभाव अती काळजीचा. आभाळ कोसळलं तर काय, हे ठरवूनच घराबाहेर पडायची. धाकटी बहीण नेमकी उलट, म्हणून ताई तिला भटकभवानी म्हणायची. सात वर्षांपूर्वी धाकटीने "माझ्याकडे राहायला ये" म्हटलं, त्यावरून वाजलं. ताईने दाराला तिसरी कडी बसवून घेतली आणि बोलणंच तोडलं.

ताई शहात्तर वर्षांची झाली. एका दुपारी विद्यापीठातून एक संशोधक मुलगी आली. तीस वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी ताईसकट काही बायकांचे स्वभाव नोंदवले होते. आता म्हातारपणी त्या कितपत सुखात आहेत, हे पाहायचं होतं. तिने जुना कागद पुढे केला. 'पंचाहत्तरीनंतर कशा असाल?' या प्रश्नाखाली ताईचं बारीक अक्षर होतं.

'खिडकी बंद. हिरवा पडदा. समोर पिवळ्या स्वेटरची मुलगी, डावखुरी.'

पडदा गेल्याच महिन्यात घेतलेला. मुलीने डाव्या हातातलं पेन हळूच खाली ठेवलं.

"आजी, हे कधी लिहिलंत?"

"शाई बघ ना किती विटलीय. मला काय विचारतेस!"

पुढे लिहिलं होतं, 'ती गेल्यावर धाकटी दार वाजवते. मी उघडत नाही. ती पुन्हा येत नाही.'

मुलगी घाईघाईने गेली. थोड्याच वेळात दार वाजलं.

"ताई, आहेस का गं? राहवेना, म्हणून आले."

ताई दाराशी गेली. कोणत्या तोंडाने उघडायचं? तरी हात कडीकडे गेला. दोन निघाल्या, तिसरी हलेना.

"थांब! जाऊ नकोस!" ती उभ्या जन्मात एवढ्या मोठ्याने ओरडली नव्हती.

कडी निघाली. बाहेरून कुलूप घालून ताई अंगावरच्या कपड्यांनिशी धाकटीकडे गेली.

तिसऱ्या दिवशी दोघी सामान न्यायला आल्या. कुलूप काढलं, पण दार आतून लावलेलं. धाकटीने टकटक केली.

"कोण?"

आवाज ताईचाच होता, पण तीस वर्षांनी तरुण आणि घाबरलेला.

धाकटी पांढरीफटक पडली. ताईने दाराला कान लावला. "मी आहे गं. उघड, बाई."

आत कडी किंचित वाजली. पण दार उघडलं नाही.

ताई आता धाकटीकडेच राहते. काळजी अजूनही करते, पण बोलून दाखवते, आणि धाकटी तिची टर उडवते. दर आठवड्याला दोघी त्या दाराशी जातात. ताई आतल्या बाईला इकडचं तिकडचं सांगते. आतून नुसता श्वास ऐकू येतो.

परवा मात्र आतल्या बाईने विचारलं, "बाहेर ऊन आहे का?"