सतरा नंबरचा पट्टा

मी सतरा नंबर बोलतोय. खरा सतरा नंबर नव्हे, तो कधीच भंगारात गेला. मी त्याचा त्रेचाळिसावा हिस्सा, पितळी पत्र्याचा, दीड वीत लांब. माझ्या पोटात मोटार नाही, त्यामुळे रुळांवर ठेवलं तरी मी जागचा हलत नाही. मला बघायला आलेला माणूस हटकून पहिला प्रश्न तोच विचारतो, "चालतं का हो?" नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो आणि तो शेजारच्या इंजिनाकडे वळतो. आता मला त्याची सवय झाली आहे.

मला घडवणारा माणूस एका छोट्या रेल्वेत रंगारी होता. रेल्वे एवढीशी, की सिग्नलवाला जेवणाचा डबा घरी विसरला तर ड्रायव्हर गाडी थांबवून त्याच्या घरून तो घेऊन यायचा. सगळी मिळून इंजिनं एकतीस. पण रंगाचा थाट मात्र मोठ्या रेल्वेलाही लाजवेल असा.

इंजिन रंगवायची तिथे एक पद्धत होती. दोन रंगारी, दोन बाजू. अंग सगळं बाटलीहिरवं आणि मधून वीतभर रुंद पिवळा पट्टा. एकाने पट्टा डावीकडून आणायचा, दुसऱ्याने उजवीकडून, आणि दोघांनी इंजिनाच्या नाकावर भेटायचं. पिवळ्याला पिवळा नीट मिळाला की काम संपलं. माझा कर्ता डाव्या बाजूचा, त्याचा जोडीदार उजव्या. वीस वर्षं दोघांनी बाजू बदलली नाही, म्हणून सगळं वर्कशॉप त्यांना डावा आणि उजवाच म्हणायचं, अगदी हजेरी घेतानासुद्धा. दोघं एका डब्यात जेवायचे. "आमच्यात डावं-उजवं नाही बरं का," हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला होता, की तो सुरू झाला की बाकीचे हात धुवायला उठायचे.

मीही त्याला डावाच म्हणणार. आदराने काही म्हणावं तर तो दारात कोण आलं म्हणून मागे वळून बघायचा.

दोघांच्या कामात एकच फरक होता. डावा काठीने मोजायचा. पुरुषभर उंचीची लाकडी काठी, पट्ट्याच्या दोन कडांसाठी तिच्यावर दोन खाचा, आणि घासून झिजू नये म्हणून बुडाला दोन बोटं उंचीची लोखंडी टोपी. उजवा काठीला हातही लावत नसे. तो चार पावलं मागे जायचा, एक डोळा मिटायचा आणि पुढे येऊन खडूने सरळ रेघ मारायचा. काठी आणि नजर वीस वर्षांत एकदाही भांडली नव्हती.

सतरा नंबरवर भांडली. उजव्याचा पट्टा वर, डाव्याचा दोन बोटं खाली. नाकावर पायरी पडली. नुकतीच एका मोठ्या कंपनीने ती रेल्वे घेतली होती आणि नवा साहेब नेमका त्याच दिवशी पाहणीला आला होता. इंजिन तर संध्याकाळी मालगाडीला जुंपायचं होतं, थांबवायची सोय नव्हती. साहेबाने दोघांना उभं करून विचारलं, चूक कुणाची. उजवा म्हणाला, माझी नजर चुकलेली नाही. डावा म्हणाला, "मी काठीने मोजलंय, साहेब. काठी खोटं बोलत नाही."

एवढंच बोलला तो. पण साहेबाला नजरेपेक्षा काठी पटली. उजव्याची बदली लाईनच्या पार दुसऱ्या टोकाला झाली, डबे धुण्याच्या यार्डात. हातातला ब्रश गेला आणि पाण्याचा पाइप आला, तो निवृत्त होईपर्यंत राहिला. तो निघाला त्या दिवशी डावा निरोप द्यायला गेला नाही. पुढच्या खेपेला सतराचा पट्टा नीट करू म्हणत राहिले. पुढच्या खेपेला कंपनीने सगळ्याच इंजिनांना निळसर राखाडी रंग फासला आणि पट्टाच बंद झाला.

हे मला कसं ठाऊक, म्हणाल. डाव्यानेच सांगितलं. तो काम करताना बोलत असे, आणि त्या खोलीत ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. बायको आधीच गेलेली. मुलगी इस्पितळात नर्स, सकाळी जायची ती दिवेलागणीला दमून यायची. वर्कशॉपला टाळं लागलं तेव्हा डाव्याने आठवण म्हणून आपली काठी घरी आणली, दाराच्या मागे उभी केली आणि डोक्यात खूळ घेतलं, की एकतीसच्या एकतीस इंजिनं पुन्हा करायची. सुरुवातीची किरमिजी, सायीच्या रंगाच्या छपराची. मग हिरवी-पिवळी. शेवटची राखाडी तो नाक मुरडत रंगवायचा, पण रंगवायचा, कारण जे जसं होतं ते तसंच व्हायला हवं.

रंग जुळवायला त्याच्याकडे कामावरची जुनी पँट होती. तिच्यावर बत्तीस वर्षांचे डाग होते. बशीत रंग कालवायचा, पँटच्या गुडघ्याशी धरून बघायचा आणि एक थेंब काळा आणखी टाकायचा. मुलीने एकदा ती पँट चुकून धुवायला टाकली, तर दोन दिवस बापलेकींत अबोला.

माझी पाळी त्याने मुद्दाम शेवटी ठेवली होती. तीस इंजिनं फळीवर लागली, तेव्हा कुठे त्याने सतराचा पत्रा कापला. मला रंगाखालचा राखाडी प्रायमर लावून झाला आणि पट्ट्याची उंची घ्यायला त्याने दारामागची काठी काढली. खाच मोजली. इंजिनाच्या जुन्या नकाशाशी ताडून पाहिली. दोन बोटं कमी. तो नकाशावर चिडला, पुन्हा मोजलं. पुन्हा दोन बोटं कमी. मग त्याने काठी उलटी केली. बुडाला लोखंडी टोपी नव्हती. चार खिळ्यांची भोकं तेवढी होती, तीही तेल आणि रंगाने कधीची बुजलेली.

तो खुर्चीत बसला. बराच वेळ काठी मांडीवर आडवी धरून होता. "कधी पडली रे?" त्याने मला विचारलं. मी तासाभरापूर्वी जन्मलेला पत्रा, मी काय सांगणार.

त्यानंतर त्याने माझी डावी बाजू रंगवली. इतकी सुंदर बाजू त्या फळीवर दुसऱ्या कुणाची नाही, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पट्टा त्याने मुद्दाम तिथेच मारला जिथे चुकला होता, माझ्या मापाने केसभर खाली. उजव्या बाजूला मात्र ब्रश लावला नाही. "ती बाजू माझी नाही," म्हणाला. मला फळीवर ठेवताना राखाडी बाजू भिंतीकडे केली आणि दिवा मालवून गेला.

तसाच मी अडीच वर्षं होतो. एका बाजूने तयार इंजिन, दुसऱ्या बाजूने नुसता पत्रा. शेजारची इंजिनं बघायला कधीमधी कुणी यायचं, त्यांना उचलून सगळीकडून बघायचं. मला कुणी उचलू लागलं की डावा घाईने म्हणायचा, "त्याला राहू द्या." मला त्याचा राग यायचा, आणि मग त्याला एकटा बसलेला पाहिला की राग जायचा. कारण पूर्ण तर तोही नव्हता. रोज कागद घ्यायचा, 'प्रिय उजव्या' असं लिहायचा, मग पुढे हवापाणी, गुडघेदुखी, मुलीची बदली होणार की नाही. खरी गोष्ट लिहायची वेळ आली की कागद फाडायचा. बोलायचं असतं तेवढं सोडून बाकी सगळं बोलण्यात माणसांचा हात कुणी धरणार नाही.

मग काचबिंदूने त्याचे डोळे नेले. आधी कडा गेल्या, मग मधलं. खिडकी कुठे आहे एवढंच कळायचं. तेव्हा तो घाबरला, मी पाहिलं ते. एका सकाळी त्याने मुलीला मला बुटांच्या खोक्यात बांधायला सांगितलं आणि पत्ता सांगितला. मुलगी म्हणाली, "बाबा, चिठ्ठी तरी घाला." तो म्हणाला, बघितलं की कळेल त्याला.

कळलं. उजव्याने मला खोक्यातून काढलं, टेबलावर ठेवलं, चार पावलं मागे गेला, एक डोळा मिटला. खाली घसरलेला पट्टा पाहिला, कोरी बाजू पाहिली. त्याला काही विचारावं लागलं नाही. पण त्याने मला कपाटावर ठेवलं ते उलटं, रंगवलेली बाजू भिंतीकडे. सून म्हणाली, अहो बाबा, चांगली बाजू दिसू द्या की. ती भाजी ढवळायला आत निघाली, तेव्हा तो म्हणाला, "बावीस वर्षं लावली त्याने चूक कबूल करायला. आणि तीही पार्सलने. तोंड नाही का त्याला?"

म्हणजे एका घरात मी राखाडी बाजू लपवून बसलो आणि दुसऱ्या घरात हिरवी. चार महिने उजवा माझ्याकडे रोज बघायचा आणि पेपर उघडायचा. त्याच्या घरात माणसं होती, नातवंडांचा गोंधळ होता, तरी निवृत्तीपर्यंत डबे धुतलेल्या माणसाला ब्रशबद्दल बोलायला त्या घरात कुणी नव्हतं. मला वाटलं, मी आता इथेच अर्धा राहणार. मग डाव्याच्या मुलीचा फोन आला. काही मागायला नव्हता, नुसतं सांगायला होता, की बाबांना आता दिसत नाही. उजव्याने फोन ठेवला, मला काखेत मारलं आणि बस पकडली.

मुलीने दार उघडलं आणि आत वळून सांगितलं कोण आलंय ते. डावा उठायला गेला आणि खुर्चीला अडखळला. उजव्याने त्याला सावरलं नाही. मला टेबलावर ठेवलं आणि समोर बसला.

"पार्सल मिळालं," तो म्हणाला. "आता तोंडाने सांग."

डाव्याचे हात गुडघ्यांवर होते. "काठीची टोपी पडली होती. मला माहीत नव्हतं. पण काठी उलटी करून बघायला मला कुणी अडवलं नव्हतं. तू बरोबर होतास."

"आणखी?"

"तुझा ब्रश गेला तो माझ्यामुळे. साहेबामुळे नाही. मी तुला निरोप द्यायलासुद्धा आलो नाही."

उजवा खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते, पण ते बघायला समोरच्याला डोळे नव्हते. मग त्याने खसकन नाक पुसलं आणि विचारलं, "पिवळा कुठे ठेवलायस?"

तो तीन दिवस राहिला. हात आता म्हातारा झाला होता, म्हणून कोपर पुस्तकांच्या थप्पीवर टेकवून त्याने हिरवा लावला. तिसऱ्या सकाळी पट्ट्याची पाळी आली. तो चार पावलं मागे गेला, एक डोळा मिटला. मी वाट बघत होतो ती वरच्या रेघेची. ती त्याच्या हक्काची होती. बावीस वर्षांनी का होईना, डाव्याने मान्य केलं होतं, की पट्टा तिथेच हवा होता. तो पुढे आला, पेन्सिल टेकवली आणि रेघ मारली ती खाली, डाव्याच्या चुकीच्या उंचीवर.

रंग वाळल्यावर डाव्याने मला हातात घेतलं. माझ्या नाकावरून अंगठा इकडून तिकडे नेला, पुन्हा तिकडून इकडे. पायरी लागली नाही.

"जुळलाय हा," तो म्हणाला. "सतरा असा नव्हता. तुझा पट्टा वर होता."

"आता असा आहे," उजवा म्हणाला आणि ब्रश धुवायला मोरीत गेला.

डावा मला छातीशी धरून कितीतरी वेळ बसला. त्यानंतर उजवा दोन-तीनदा येऊन गेला, मग त्यालाही प्रवास झेपेना, फोनवर दोघं एकमेकांची औषधं विचारायचे. आधी डावा गेला. वर्षाच्या आत उजवा. मुलीची शेवटी बदली झालीच. जाताना तिने आम्हा एकतिसांना मॉडेलवाल्यांच्या मंडळाला दिलं. तेव्हापासून मी या काचेच्या कपाटात आहे. रविवारी हॉल उघडतो, बाकीचे सहा दिवस आम्ही एकमेकांची तोंडं बघतो. तीस इंजिनांना माझी गोष्ट ठाऊक नाही, त्यांना ती सांगून काही उपयोगही नाही.

मंडळात एक जाणकार गृहस्थ आहेत. माणूस सज्जन, कामाला चोख. गेल्या रविवारी त्यांनी जुने फोटो आणले, भिंगातून पाहिले, मला मोजलं आणि माझ्यासमोर एक कार्ड लावलं. त्यावर लिहिलंय, 'उजवीकडील पट्टा चुकीच्या उंचीवर. मूळ इंजिनावर तो वर होता. मॉडेलकाराची दृष्टी अधू झाल्यानंतरचे काम असावे.' येत्या रविवारी ते ती बाजू खरवडून पट्टा वर घेणार आहेत.

त्यांचं माप बरोबर आहे, फोटोही खरे आहेत. मला वाद घालता येत नाही. पण तुम्ही त्या दिवशी हॉलमध्ये असाल, तर त्यांचा हात धरा. त्यांना सांगा, की ही बाजू रंगवणाऱ्या माणसाची नजर जन्मात कधी चुकली नव्हती, आणि तो पट्टा त्याने खाली मारला, कारण त्याला तो तिथेच हवा होता.